मातीची सवत

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे उभी होते, भर दुपारी, वहिनीचा हात हातात धरून.

रविवार होता. आमच्या गावचं पुरातत्त्व संग्रहालय जुन्या तुरुंगाच्या दगडी इमारतीत आहे. माझा दादा तिथे उत्खननात सापडलेल्या फुटक्या वस्तू जोडायचा.

त्या वर्षी त्याच्याकडे एका बाईचा भाजक्या मातीचा चेहरा आला. खऱ्या माणसाएवढा... पण तुकड्यांत.

मग घरी तोच विषय. "आज तिचं नाक सापडलं." "आज हनुवटी बसली बघ."

"सवतच आणलीत हो माझ्यावर!" वहिनी हसायची.

हळूहळू तिचं हसू आटलं. तिने काही विचारलं की दादा नुसता "अं?" म्हणायचा.

शेवटी ती मला म्हणाली, "चल गं. बघूच, कोण एवढी रंभा लागून गेलीये!"

शेवटच्या कोठडीत, काचेच्या पेटीत होती ती.

एकटीच.

रूप साधंच. ओठ किंचित उघडे.

"हिच्यापायी?" वहिनी काचेला नाक लावून म्हणाली. "नवरा माझा आहे. कळलं?"

मला हसू फुटलं.

आणि बाहेरचा पोरांचा गलका एकदम थांबला...

काचेवर वाफ धरली. वहिनीने पदराने पुसली.

पुसली जाईना.

वाफ... आतून होती.

तेवढ्यात दादा आला. "अहो!" वहिनीचा जीव भांड्यात पडला.

त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"बाई, मागे व्हा. तिला आवडत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एकटीच आलीस? वहिनीला नाही आणलंस?"

वहिनीने माझ्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

वहिनी खमकी! तिने त्याची कॉलर धरली आणि फरफटत थेट फाटकाबाहेर काढलं.

उन्हात त्याने डोळे चोळले. "अगं, तू कधी आलीस?"

ती नोकरी वहिनीने सोडायलाच लावली. आता तो फोटोंना चौकटी बसवतो. हसतो, बोलतो. सगळं ठीक आहे.

फक्त वहिनीने हाक मारली की तो आधी तिच्या खांद्यामागे बघतो...

कुणाची तरी परवानगी घ्यावी तसा.

मग "ओ" देतो.

मी एकदा वहिनीला विचारलं, "तू कधी मागे वळून बघितलंस?"

"नाही," ती दातओठ खात म्हणाली. "तेवढाही मान द्यायचा नाही मला तिला."

मी मात्र त्यांच्याकडे गेले, की भिंतीला पाठ लावूनच बसते.