जयवंता आत्या गेलीच नाही

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मी त्या घरात होते.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. अंबरपेठेतलं आमचं घर. भर दुपार.

जयवंता आत्या सकाळी गेली होती. ती सिकंदराबादच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथेच चर्चला जायला लागली, बाप्तिस्मा घेतला. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. माझे बाबा, नामदेवराव, तिचे धाकटे भाऊ. दोघांचं रोज भांडण.

"मेलं की संपलं, आक्का."

"शरीर संपतं, नामू. आत्मा मरत नसतो. मी असणारच."

तिला नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचं होतं. मला बजावून ठेवलं होतं.

पण बाबांनी स्मशानात लाकडं सांगितली. दारात आलेल्या पास्टरांना म्हणाले, "नक्को. आमच्या घरचं आम्ही बघू."

मी काचेच्या शवपेटीला आडवी आले. "बाबा, मी उचलू देणार नाही."

"त्रिवेणी, बाजूला हो. ती आता नाहीये. तिला काय कळतंय?"

तेवढ्यात...

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

आत्या बोलण्याआधी खोकायची. तसंच.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"नामू..."

बाबांना नामू म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी आत धावले. खोली रिकामी. खिडकी आतून बंद. पण तिच्या गादीवर... कुणी बसल्यासारखा खळगा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर आला.

बाबा दारात आले. चेहरा पांढराफटक, आवाज मात्र चढलेला.

"जिवंतपणी ऐकलं नाही तुझं. आता ऐकू?"

"हौ."

रिकाम्या खोलीतून. अगदी शांतपणे.

बाबा मागे वळले. मग बाहेर जाऊन त्यांनी पास्टरांना आत बोलावलं.

संध्याकाळी नारायणगुड्यात तिला पुरलं. पास्टर सार्वकालिक जीवनाबद्दल बोलले. माती टाकताना बाबा पुटपुटले, "तरी मी मानत नाही."

अजूनही मानत नाहीत. रोज तिच्या खोलीत बसून वाद घालतात. मध्येच थांबतात... ऐकतात... पुन्हा भांडतात. नातेवाईक म्हणतात, वय झालं.

परवा बाबा बाहेर गेले होते. त्या बंद दारासमोरून जाताना मी मोठ्यानं म्हणाले, "मी नाही घाबरत."

"मग आत ये."

मी अजून गेलेले नाही.

पण त्या दाराला कुलूपही लावू दिलेलं नाही.