सहावा आकडा

पाऊस टाळायला तो आमच्या जिन्यात उभा राहिला, करसल्लागाराची पाटी वाचली आणि वर आला. पाटीवरचे सल्लागार, आमचे सहदेवकाका, जेवायला गेले होते, ऑफिसात मी एकटीच. त्याच्या शर्टातून पाणी गळत होतं आणि तोंडातून प्रश्न.

"मॅडम, माझं काम तीन राज्यांत चालतं. कर कुठं कुठं भरू?"

"आधी डोकं पुसा," मी म्हटलं.

देवेश इथलाच, कर्जतजवळच्या कळंबचा. कारखान्यांना सांडपाण्याबद्दल सल्ला द्यायचा. साजगावात दोन कारखाने, बाकीचे वापी आणि हुबळीकडे. सगळ्यांना सल्ले देणाऱ्या या माणसाला स्वतःची एक जीएसटी नोंदणी सांभाळता येत नव्हती. मी पोर्टलवर विवरणपत्र भरलं की त्याच्या फोनवर सहा आकडे यायचे. ते त्याने वाचायचे, मी टाकायचे. तो मुद्दाम सावकाश वाचायचा.

"चार... नऊ... तुमी आज चहा घेतला का?"

"अहो, दहा मिनिटांत आकडे मरतात!"

"मरू दे. दुसरे मागवू."

महिन्याच्या वीस तारखेची मी वाट बघायला लागले. अहो-जाहो कधी गळून गेलं, ते कळलंच नाही.

भाद्रपदात एकदा तो गप्प गप्पच आला.

"हर्षला, कामं सगळी वापीकडं चाललीत. तिकडंच ऑफिस टाकतोय. इथलं बंद करू, का इथं कर्जतला एक माणूस ठेवू?"

"माणूस जिथे बसून काम करणार, तिथला व्यवसाय कर लागतो. इथली नोंदणीही चालू ठेवावी लागेल."

"बाईमाणूस असंल तर?"

"पंचवीस हजारांपर्यंत पगार असेल, तर बाईला तो कर माफ."

"मग चोवीसच देतो," तो हसला. "चालंल?"

"कंजूष!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सांग ना गं... ठेवू?"

इथे एक माणूस राहिला म्हणजे हाही येत राहणार, हे मला कळत होतं. म्हणूनच मला माझी भीती वाटली. अशिलाला आपल्या सोयीचा सल्ला द्यायचा नाही, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"बंद कर. एका माणसासाठी एवढा पसारा परवडत नाही."

"हे तुझं मत हाय?"

"हेच बरोबर आहे."

मान हलवून तो उठला. छत्री इथेच विसरला. मी हाक मारली नाही.

मार्गशीर्षात तो नोंदणी रद्द करायला आला. बाहेर धुकं अजून विरलं नव्हतं. त्याने टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"साखरपुडा झाला. वापीचीच हाय. घरच्यांनी बघितली."

"नाव?"

"सुरभी."

"छान," मी म्हटलं.

मी अर्ज भरला. ठिकाण, कर्जत. कारण, व्यवसाय बंद. त्याचा फोन वाजला.

"दोन... आठ... आठ... एक... पाच..." आणि तो थांबला.

"सहावा?"

"ते बाईमाणूस तू होतीस, हर्षला." तो फोनकडेच बघत होता. "नोकरीला हो म्हणाली असतीस, तर पुढचंही विचारणार होतो. तू म्हणालीस, बंद कर. मला वाटलं, समजून उमजून नाय म्हणतेस."

"मग सरळ विचारायचं होतंस रे!"

"तुझा सल्ला मी कधी मोडला नाय."

"मला 'ठेव' म्हणायचं होतं," मी म्हणाले. "फार... फार म्हणायचं होतं. म्हणूनच 'बंद कर' म्हणाले."

त्याने डोळे मिटून घेतले. दहा मिनिटं गेली, आकडे मेले.

मग मीच दुसरे मागवले. वापीत एक मुलगी बोटात अंगठी घालून बसली होती, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

या वेळी त्याने सहाही आकडे न थांबता वाचले. मी ते टाकले.