लेन हुदाकच्या गाडीतला पिवळा दिवा

सोमवारी सकाळी म्हातारा अँड्र्यू हुदाक तळघराच्या पायऱ्यांखाली मेलेला सापडला. त्याला आधी पाहिलं ते त्याच्या धाकट्या मुलाने, टिमने. टिमच्या तोंडाला आदल्या रात्रीच्या दारूचा वास येत होता. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणगावाला गुन्हेगार ठरवायला एवढं पुरे होतं.

काउंटीची तपास अधिकारी आयरीन साबोल गावातलीच, शाळेत टिमच्याच वर्गातली. म्हाताऱ्याच्या दोन्ही दंडांवर तिला बोटांचे वळ दिसले. कुणीतरी धरून ढकललं होतं.

टिम स्वयंपाकघरात पोलिसाच्या पहाऱ्यात बसला होता.

"रात्री काय ऐकलंस?"

"काही नाही. वर झोपलो होतो."

"भांडण झालं होतं?"

"आमचं रोजच होतं. बाबांच्या अंघोळीवरून, औषधाच्या गोळ्यांवरून. घर माझ्या नावावर करणार म्हणाले, त्यावरूनही झालं. मी नको म्हणत होतो. लेनला कळल्यावर तर तो पेटलाच होता." टिमने कपाळ दाबलं. "पण मी नाही ढकललं, आयरीन. निदान मला तरी आठवत नाही."

हे शेवटचं वाक्य सरकारी वकिलाने ऐकलं असतं, तर टिमचा जन्म तुरुंगात गेला असता. आयरीनला त्याचा राग आला. स्वतःच्या हाताने गळ्यात फास घालून घेण्याची त्याची सवय जुनीच होती.

दुपारी थोरला भाऊ लेन आला. रविवारी सकाळी तो डोंगरातल्या शिकारीच्या खोपटावर गेला होता. हरणांचा हंगाम तोंडावर आला होता आणि अर्धं गाव लाकडं भरायला वर जातच होतं. खोपट शंभर मैलांवर, तिथे फोन लागत नाही. घरात पाय टाकवत नाही म्हणून तो गाडीतच हीटर लावून बसला. आयरीन शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"एकटाच होतास?"

"एकटाच. रात्री तिथेच झोपलो. आज खाली उतरलो तर हे." लेनने डोळे पुसले आणि रेडिओचं एक बटण दाबलं. त्याचं नेहमीचं पोल्का नाचगाण्यांचं स्टेशन लागलं, तसं त्याने ते घाईने बंद केलं.

काचेवरच्या, गाडीच्या वार्षिक तपासणीच्या स्टिकरची मुदत या महिन्यातच संपत होती. "गाडी पास होणार का रे?" आयरीनने सहज विचारलं.

"होईल की. इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. शनिवारी माझ्या शेजारच्या मिचकडून इंजिनातल्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र आणलं, घरीच विझवला. त्याचं यंत्र लगेच परतही केलं. तू काय, पकडणार मला?"

"सगळं गाव पकडावं लागेल. वर जाताना परत लागला?"

"जाऊन येऊन एकदाही नाही. एवढी धावली म्हणजे तपासणीलाही तयार झाली असेल. दिवा विझवून लगेच नेली की तिथलं मशीन परत पाठवतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आयरीन म्हणाली, आणि उतरून आपल्या गाडीने नदीपलीकडे मिचकडे गेली.

मिच कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "शनिवारीच दिलं त्याने परत. तेव्हापासून माझ्याच गॅरेजात आहे."

ती यंत्र घेऊन परतली. "गाडी तपासणीला तयार झाली का बघू या?"

लेनला नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिने यंत्र स्टिअरिंगखाली जोडलं, आकडा वाचला आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"दिवा विझवला की गाडी तिथून पुढचे मैल नव्याने मोजते, लेन. खोपटावर जाऊन यायचं तर दोनशे हवेत. इथे अकरा आहेत. तपासणीआधी गाडी आपोआप घेते त्या चाचण्याही अर्धवट आहेत."

लेनने पडदा बाजूला सारला. मग म्हणाला, "आज सकाळी बॅटरी काढून परत लावली होती. त्याने पुसलं असेल."

"बॅटरी काढली असती तर रेडिओची स्टेशनंही पुसली गेली असती. तुझा पोल्का पहिल्याच बटणाला लागला. तू वर गेलाच नाहीस. नदीपलीकडच्या तुझ्या घरून काल रात्री इथे आलास, परत गेलास आणि आज पुन्हा आलास. त्याचेच हे अकरा मैल. घरावरून वाद घातलास, त्यांना धरलंस, ढकललंस. खोपटाची थाप तेवढ्यावरच ठेवली असतीस तर मला काही सुचलं नसतं. पण तिच्यावर गाडीही पास करून घ्यायला निघालास. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

"ढकललं नाही. हलवलं फक्त," लेन म्हणाला.

"मग मदत का नाही बोलावलीस?"

त्याने हीटर बंद केला. "वर टिम घोरत होता. म्हटलं, त्याच्यावरच जाईल."

आयरीनला त्याची किळस आली. तिने काच ठोकून पोलिसाला बोलावलं.

टिमला सोडल्याचं सांगायला ती स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. म्हातारा पडल्या पडल्या गेला नव्हता. पहाटेपर्यंत जिवंत होता.

फोन ठेवून तिने टिमला लेनचं सगळं सांगितलं. त्याने भावाला शिवी दिली नाही. टेबलाकडे बघत एवढंच विचारलं, "बाबांनी मला हाक मारली असेल का गं?"

"नाही," आयरीन म्हणाली. "त्यांना काही कळलंच नाही. लगेच गेले."

टिमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"शाळेतही तुला खोटं बोलता यायचं नाही," तो म्हणाला.