उजवीकडची चमकी

"चमकी चुकीच्या बाजूला काढलीय," मी दिलीपला म्हणालो. "नाक डावीकडे टोचतात. एवढंही कळत नाही यांना."

दिलीप आणि मी तेव्हा एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. लिटल इंडिया या इथल्या भारतीय भागातल्या एका गल्लीत जुन्या वस्तीतल्या माणसांची चित्रं भिंतींवर काढायचं काम चाललं होतं. धोबी, दूधवाला, पोपटवाला ज्योतिषी. आर्ट ट्रेल म्हणायचे त्याला. आमच्यासमोर गजरे ओवणारी बाई होती. इथे मराठी कोणाला कळणार, म्हणून मी मोठ्यानेच बोललो.

शिडीवरची मुलगी वळली. तिच्या गालाला पिवळा रंग लागला होता.

"तमिळ बाई आहे ती. त्यांच्यात उजवीकडे टोचतात. पुण्याचे ना तुम्ही?"

"हो... कसं ओळखलंत?"

"चूक दाखवायची हौस!"

दिलीप हसत सुटला. तिचं नाव उल्का. बँकेत नोकरी आणि शनिवारी भिंती रंगवायची.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो.

"आज कोणती चूक?" तिने विचारलं.

"शोधायला वेळ लागेल. आधी चहा घेऊ या?"

तिने माझ्या हातात रंगाची बादली दिली. "आधी काम."

दुपारी पाऊस आला. आम्ही दुकानाच्या छपराखाली उभे राहिलो.

"हे चित्र किती वर्षं राहील?" मी विचारलं.

"भिंत दुकानदाराची. त्याच्या मनात असेल तोवर. मग पुसून दुसरं काढतील."

"वाईट नाही वाटत?"

"म्हणून तर सांगते — बघून घ्या."

मी बघतच होतो. पण भिंतीकडे नाही. तिच्या ते लक्षात आलं, आणि ती पावसाकडे बघायला लागली.

लग्नात तिने दाबाची नथ मुद्दाम उजवीकडे लावली. आई ओरडली, "अगं, कोणत्या बाजूला?" उल्का माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

मागच्या वर्षी उल्का गेली. कॅन्सर. वुडलँड्सच्या फ्लॅटमधले तिचे कपडे सासूबाई घेऊन गेल्या. तिच्या हातचं म्हणून ही भिंत तेवढी राहिली. शनिवारी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो.

मग मीनलचा फोन आला. ती उल्काची मैत्रीण, आता ट्रेलचं काम तीच बघते.

"निशिकांत, शनिवारी ती भिंत पांढरी करायचीय. नवीन चित्र काढणार आहेत."

"नको ना, मीनल."

"खूप बोलले रे मी. दुकान विकलं गेलंय. नव्या मालकाला ते चित्र नकोय."

"तिचं दुसरं काही नाही गं माझ्याकडे..."

ती म्हणाली, "तू येऊ नकोस. बघवणार नाही तुला."

मी गेलो. कडेने पांढरा रंग लागला होता. मी मीनलकडे रोलर मागितला.

"तू?"

"दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

मी गजरे पुसले. बाईचे हात पुसले. मग चेहरा. चमकी उरली.

"मी करू का?" मीनलने विचारलं.

"नको."

रोलर फिरवला. तरी पांढऱ्यातून पिवळा ठिपका दिसत होता. मला बरं वाटलं.

"रंगाचा दुसरा हात द्यावा लागेल," मीनल हळूच म्हणाली.

मी पायरीवर बसलो. पहिला हात वाळेपर्यंत ठिपक्याकडे बघत राहिलो. मग उठून दुसरा हात मीच दिला.

त्यानंतर काही दिसलं नाही.