दीड इंच आणि एक पायरी

जव्हारला एका गॅरेजसमोर माझ्या पिकअपचं नाक दगडाला घासलं, तेव्हा गॅरेजवाला गोरख एका जीपखाली आडवा होता. तिथूनच ओरडला, "पुढनं बसलीय गाडी! उचलून घ्या!"

"माहितीय. गाडी उचलायचं तीन इंचाचं किट बघून ठेवलंय मोबाइलवर."

तो बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा टिळा आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"तीन? कशाला?"

"रुबाब दिसतो."

"रिकामी असेपर्यंत. माल भरला की मागनं दबेल आणि नाक आभाळाकडं. चढणीला काय बघाल, रस्ता की ढग? नेहमीचा माल भरून आणा, मग मापतो." मग जरा अडखळला. "शेजारी... कोण बसतं?"

"आई."

त्याचा चेहरा उजळला. "वजनासाठी विचारलं. त्यांनाही आणा."

जव्हारजवळच्या वांगणीत आई आणि मी, दोघीच. दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनाही मी हवी होते, आई नको. तेव्हापासून लग्नाचा विषयच मी बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या बाजाराला निघालेली नाचणीची पोती आणि आई घेऊन मी हजर. त्यानं चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला, दोनदा मापलं आणि म्हणाला, "दीड इंच पुरे." तीनचं विकलं असतं तर त्याचाच फायदा होता. मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू?

आणखी एक गंमत. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो ताई म्हणायचा. मला मात्र, "अहो... ते... ऐका ना!"

आई उतरताना गुडघा धरून थांबली. त्यानं ते पाहिलं.

बाजार उरकून किट बसवायला गाडी सोडली होती, ती दोन दिवसांनी आणायला आम्ही दोघी गेलो. गाडी कशी सरळ, ऐटीत उभी होती! आणि आईच्या दाराखाली लोखंडी पायरी, नवी कोरी.

"ही कुणी सांगितली?"

"कुणी नाही. गाडी दीड इंच वर गेली. ते आईंच्या गुडघ्यानं का सोसायचं?"

डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं ना? त्या डोळ्यांना दुसऱ्याचं दुखणं न सांगता दिसतं. मला एकदम भरून आलं.

"गोरख, तू मला आवडतोस," मी बोलून गेले. "पण माझ्या शेजारी आई बसते. कायमची."

तो फडक्यानं हात पुसतच राहिला. "त्यांना उठवायला कोण सांगतंय, रविना? वांगणीहून रोज गॅरेजला येईन मी... तुम्ही दोघी ठेवून घेतलंत तर."

आई एव्हाना पायरीवरून चढून बसली होती. ती मधे सरकली आणि खिडकीकडची जागा थोपटली.

"उभ्या उभ्या काय बोलतोस रं? चढ. तिघांचं वजन घेऊन वांगणीची चढण चढते का नाय, बघू!"

तो चढला. तिघांच्या दाटीत दार लावायला त्याला तीनदा ओढावं लागलं.