डावी बाही

मनस्विनी होसकोट्याला गेली ती एक जुनी शिलाई मशीन आणायला. ऊन लख्ख होतं, टेम्पोवाल्याने गाणी लावली होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की रविवारच्या आत कुर्ता शिवून व्हायला हवा. भ्यावं असं त्या दिवसात काही नव्हतं.

नागपूरला शाळेत असताना ती आईच्या पायमशीनवर आपले फ्रॉक आपणच शिवायची. मग बारावी, मग शिकायला परदेशात लीड्सला, आणि शिवण सुटली ती सुटलीच. तिकडे तिने कपड्यांच्या धंद्याचाच अभ्यास केला आणि परतली ती असा पण करून: यापुढे अंगावर घालीन ते स्वतः शिवलेलं, पहिल्या टिपेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत. कन्नड मुलखात, विमानतळाजवळच्या येलहंक्यात वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलं, की रविवारी संध्याकाळी या, आपले कपडे आपण शिवायला शिकू. आता शिकवणारीच्याच अंगावर दुकानातला कुर्ता असेल, तर त्यांच्यापुढे उभं राहायचं कुठल्या तोंडाने?

यल्लाप्पा भंगारवाल्याने मशीन पुसून दाखवली. बंद पडलेल्या कुठल्याशा गार्मेंट फॅक्टरीतली, टेबलासकट, खाली विजेची मोटर. मशीन स्वल्प हट्टी आहे, असं तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मीही आहे, असं सांगून तिने ती टेम्पोत चढवली.

घरमालकीण शालनअक्का मूळच्या निपाणीच्या. मशीन जिन्यावरून चढताना त्यांनी ही मशीन म्हणायची की मोटार, असं विचारून घेतलं. मग टेबलाच्या कडेला पांढऱ्या रंगात लिहिलेली कन्नड अक्षरं वाचली.

"एड तोळु. म्हणजे डावी बाही," त्या म्हणाल्या. "गार्मेंटात असंच असतंय की. लायनीत बसायचं. कॉलरवाली जन्मभर कॉलर लावणार, बाहीवाली बाही. अख्खा कपडा कुणी शिवतच नाही."

मनस्विनीने हे पुस्तकांत वाचलं होतं, त्यावर तावातावाने निबंध लिहिले होते. तिने थिनर आणलं आणि ती अक्षरं घासून काढली. आजपासून हिच्यावर अख्खा कपडा होणार, असं तिने मशीनलाच बजावलं.

हात मात्र विसरला होता. निळ्या सुती कापडातून तिने दोन कुर्त्यांचे तुकडे बेतले, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. खांदे जोडले ते मुंग्यांच्या रांगेसारखे वाकडे. गळ्याला चुणी पडली. उजवी बाही लावताना घाम फुटला. डावी तशीच ठेवून ती चहा टाकायला उठली.

चहा घेऊन आली, तर डावी बाही लागलेली होती.

टिपा बारीक, सारख्या, मुंढ्याच्या वळणावर कुठे ओढ नाही. खोलीत तापलेल्या तेलाचा वास होता आणि खिडकीतल्या उन्हात कापसाचा भुगा तरंगत होता, पुष्कळ माणसं पुष्कळ वेळ काम करत असावीत तसा. मनस्विनीने दार उघडून जिन्यात पाहिलं, कुणी नव्हतं. तरी तिने उसवणी घेतली आणि ती सुरेख बाही टाका टाका उसवून काढली. माझं वाकडं असेल, पण माझं असेल.

तिने स्वतः लावली. दुसऱ्या दिवशी बाजारातून आली, तेव्हा तिची टीप निघालेली होती आणि तिच्या जागी ती दुसरी, बारीक टीप होती. तिने पुन्हा उसवली. कापडाला आता सुईची भोकं दिसू लागली होती.

शालनअक्कांना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. फुकटात शिवून देतंय तर देऊ दे की, असं म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, "परत देऊन टाक, मनू. कुणाचं तरी काम अर्धं राहिलेलं असतंय."

"फुकटात दुसऱ्याकडून शिवून घेतलेलंच मला घालायचं नाहीये, अक्का."

"सरी बाई. तुझा हट्ट तुझ्यापाशी."

रविवारी ती मशीनपुढून हललीच नाही. डावी बाही लावली आणि दोरा तोडताक्षणी कुर्ता अंगात घातला. आता कोण उसवतं बघू. पण घाईत खांद्यापाशी बोटभर टीप सुटली होती. ऊन उतरलं होतं, बायका यायची वेळ झाली होती. तिने सुई घेतली आणि कुर्ता अंगावर असतानाच तिथे टाके घालू लागली.

अक्का अंथरायला चटई घेऊन दारात आल्या आणि थबकल्या.

"अंगावर शिवू नये गं... अंगावर शिवतात ते मढ्याचं. दातात दोरा तरी धर."

मनस्विनीला हसू आलं. दातात दोरा धरला की यम फसतो होय, असं काहीसं ती म्हणाली आणि शेवटची गाठ मारली. अक्का पुटपुटत चटई ठेवून खाली गेल्या.

आणि वीज गेली.

विमानतळावरून उठलेलं एक विमान छपरावरून गेलं. त्याचा आवाज विरत गेला तसा त्याच्याखालून दुसरा आवाज वर आला. मशीन चालू होती. दिवा बंद, पंखा बंद, पण सुई खाली-वर होत होती, तिच्याखाली कापड नव्हतं, आणि तो कोरडा खडखडाट मनस्विनीच्या डाव्या खांद्यात ठोके पडावेत तसा पडत होता. तेलाचा वास घशाशी आला. खांदा आवळला जात होता... आतून, हळूहळू, कुणीतरी मुंढा दाबून धरावा तसा.

जिना चार पावलांवर होता. ती उठली नाही.

"थांब," ती म्हणाली.

सुई थांबली. थांबलेल्या सुईचीच जास्त भीती वाटली.

"ही बाही माझी आहे... ती मी देणार नाही. तुला शिवायचंच आहे ना? मग बाहीच का? अख्खा शिव. तुझा स्वतःचा."

अंधारात चाचपत तिने दुसऱ्या कुर्त्याचे तुकडे ओढले आणि सुईखाली सरकवले. सुई हलली नाही. मग तिच्या लक्षात आलं. समोर जे कोण होतं, त्याला सुरुवात कुठून करायची हेच ठाऊक नव्हतं.

"आधी खांदे," ती हळू म्हणाली. "दोन्ही तुकडे उलटे धर... हां. मग गळा."

मशीन अडखळत चालली. थांबायची, पुन्हा चालायची. मनस्विनी सांगत राहिली. आई सांगायची त्याच क्रमाने. उजव्या बाहीपाशी दोरा तुटला, ओवला गेला. डाव्या बाहीपाशी मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. एका दमात सर्रकन टीप गेली. मग बाजू, मग खालची दुमड.

दिवे आले तेव्हा जिन्यावर बायकांचं हसणं ऐकू येत होतं. टेबलावर निळा कुर्ता पडला होता. वाकडा, चुणी पडलेला, पुरा. हात लावला तर ऊबदार लागला. तिने घडी करून तो स्टुलावर ठेवला आणि दार उघडलं.

वर्ग चांगला झाला. गल्लीतल्या सिद्धीने कुर्त्याच्या वाकड्या खांद्यांवरून टोमणा मारला तेव्हा मनस्विनीने ताठ उभं राहून सगळ्यांना ती वाकडी टीप दाखवली, आणि माझी आहे म्हणून सांगितलं. बायका गेल्यावर तिने स्टुलाकडे पाहिलं. कुर्ता नव्हता.

ती खाली आली. अक्का फाटक लावत होत्या.

"ती शेवटी गेली ती कोण गं?" अक्कांनी विचारलं. "तुझ्यासारखाच निळा कुर्ता. बोलली नाही काही. शिवण स्वल्प तुझ्यासारखीच, वाकडी. पण डावी बाही काय सुबक लावलेली..." त्या थांबल्या. "बाही रिकामीच हालत होती, मनू. आत हात नव्हता."

मनस्विनीने डावा दंड चोळला. अंगावर टाके घातले तेव्हापासून तो गार होता, जरासा बधिर.

"उद्या परत दे ती मशीन," अक्का म्हणाल्या.

"नाही. तिला अजून सलवार शिकवायची राहिलीय."

वरच्या खोलीत मशीन एकदाच खडखडली. आणि मनस्विनीची डावी बोटं, तिने न हलवता, सुईखाली कापड सरकवावं तशी अलगद पुढे सरकली. तिने ती उजव्या मुठीत घट्ट धरली, आणि जिना चढू लागली.