भाऊंची नऊ मिनिटं

रुग्णवाहिका सेवेच्या नव्या प्रणालीवर सकाळी अकरा वाजता एकदम चार हजार फोन आले. त्यातला एकही जिवंत माणसाने केलेला नव्हता.

याला भार-चाचणी म्हणतात. गर्दी उसळली की यंत्रणा टिकते की हातपाय गाळते, हे आधीच पाहून ठेवायचं. पूर्वी खोटे फोन लावायला साधा प्रोग्रॅम असे. पण प्रोग्रॅम घाबरत नाही, भलतंच बटण दाबत नाही, रडत नाही. म्हणून आता प्रतिजन वापरत, म्हणजे खऱ्या माणसाच्या आवाजावरून आणि जुन्या संभाषणांवरून घडवलेली, त्या घटकेपुरती बोलणारी त्याची प्रतिकृती. दोन वर्षांपूर्वीच्या उष्णतेच्या लाटेत, एका दुपारी ज्यांनी फोन केले त्या सगळ्यांचे प्रतिजन घडवले होते.

चाचणी घेत होती हेमांगी. बावीसशे सतरा क्रमांकाच्या लाइनवर तिचे वडील होते, भाऊ.

त्या दुपारी भाऊ नऊ मिनिटं ताटकळले आणि फोन कानाला असतानाच गेले. जुनी प्रणालीही हेमांगीच्याच टीमची. पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत त्यांचं काम चाले, त्याला स्प्रिंट म्हणत. दर स्प्रिंटच्या शेवटी काहीतरी नवं दाखवायचं, आणि भार-चाचणीत दाखवण्यासारखं काही नसतं. "पुढच्या स्प्रिंटला घेऊ," असं चार वेळा ठरलं. चारही वेळा हेमांगीने मान डोलावली होती. हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पहिल्या चाचणीत तिने हेडफोन लावला.

"हेमाला लावू का? नको. कामात असेल पोरगी," भाऊ धापा टाकत स्वतःशीच बोलत होते. "गॅस बंद केलाय ना मी?... शाळेच्या नाटकात पोलीस झाली होती. मिशी सुटली, तर हाताने धरून सगळं भाषण म्हटलं पठ्ठीने..."

सात मिनिटांनी प्रणालीने फोन उचलला. भाऊंनी पत्ता सांगितला आणि लाइन शांत झाली.

"नंतर ते कुठे जातात?" तिने प्रतिजन घडवणाऱ्या डॉ. सोनवण्यांना विचारलं.

"कुठे जाणार? वाट बघण्यापुरतंच मन दिलंय त्यांना. मदत मिळाली की संपले."

"मागच्या वेळचं आठवतं?"

"नाही. दर वेळी पहिलाच फोन." सोनवण्यांनी तिच्या हेडफोनकडे पाहिलं. "ताई, ती लाइन ऐकू नका तुम्ही."

ती ऐकत राहिली. दर स्प्रिंटला टीम प्रणालीचा वेग वाढवी आणि भाऊ आखूड होत. एका मिनिटावर आलं तेव्हा मिशी गेली. मग गॅस गेला. दहा सेकंदांवर आलं तेव्हा "हेमाला लावू का? नको," एवढंच उरलं. त्या दिवशी टीमने पेढे वाटले. हेमांगीने पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

पुढच्या चाचणीत तिने गुपचूप सहा हजार फोन सोडले. प्रणाली कोलमडली. भाऊ साडेआठ मिनिटं बोलले, मिशीची गोष्ट अगदी शेवटपर्यंत सांगितली. हेमांगी पोटभर रडली.

"सहा हजार कशाला? चार ठरलेत ना?" टीमचा प्रमुख रणधीर म्हणाला.

"खबरदारी म्हणून."

"बरं. मग अजून एक स्प्रिंट." चाचणी घेणारीचा शब्द अखेरचा असे; ती 'उत्तीर्ण' म्हणेपर्यंत नवी प्रणाली शहरात लागू होणार नव्हती.

त्या आठवड्यात ऊन पुन्हा चढलं. शहर अजून जुन्याच प्रणालीवर होतं. सकाळी उभ्याउभ्याच होणाऱ्या बैठकीत रणधीरने खाली बघत सांगितलं, "काल दोन माणसं लाइनवर वाट बघतच गेली."

हेमांगीने तारीख मोजली: तिने वाढवून घेतलेल्या स्प्रिंटमधलीच होती. भाऊंसाठी तिने आणखी दोन घरांत तेच केलं होतं.

दुपारी तिने आकडा चार हजारांवर आणला.

रिंग पुरती वाजलीही नाही. "बोला काका, पत्ता सांगा," प्रणाली म्हणाली.

भाऊ गडबडले. "अरे वा, लगेच?... गारवा सोसायटी, दुसरा मजला. छातीत दुखतंय हो. थँक्यू हं."

मागे टाळ्या वाजल्या. हेमांगीने 'उत्तीर्ण'वर बोट टेकवलं. शहरात आता कुणाला ताटकळावं लागणार नव्हतं. भाऊंना मुलीचं नाव घ्यायलाही वेळ मिळणार नव्हता.